शरदातला गळ : टोकरखाडा ते दमणगंगा

दमणगंगेवर गळ टाकण्याचा हंगाम भाद्रपद सरता सरता सुरू होतो आणि मार्गशीर्षाची थंडी पडेपर्यंत चालतो. या काळात नदीतून मासा निघेलच असे नाही. कारण मात्र हमखास निघते. मासा का लागला नाही, याचे कारण. सिल्वासाच्या टोकरखाडा भागात एखाद्या इमारतीत दोन गळवाले राहत असले, तर हंगामाअखेर तिथे माशांपेक्षा कारणांचा साठा कितीतरी मोठा होतो, आणि तो बर्फाशिवाय टिकतो. मासा हे या छंदाचे दुय्यम उत्पन्न मानले की पुढचे सगळे सरळ समजते.

दमणगंगा नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यात सह्याद्रीत उगम पावते आणि सुमारे १३१ किलोमीटर वाहून दमणला समुद्राला मिळते. सिल्वासाच्या वरच्या अंगाला तिच्यावर मधुबन धरण आहे. भर पावसात धरणाचे दरवाजे उघडले की राखोली आणि आथाळच्या पुलांखालून तांबडे पाणी धडधडत जाते आणि नदीकाठी फिरकू नये असा इशारा दिला जातो. हा इशारा गळवाले काटेकोरपणे पाळतात. ते काठावर जात नाहीत, पुलावर छत्री धरून उभे राहतात आणि या पाण्यातून किती मासा फुकट चालला आहे याचा अंदाज बांधतात. पुढे पाऊस माघारी फिरतो, दरवाजे बंद होतात, पात्रातले काळे खडक उघडे पडतात आणि त्यांच्या मधले डोह हिरवट दिसू लागतात. हंगाम उघडल्याची ही खूण.

शरद ऋतूच का, याला शास्त्रीय आधार आहे. बहुतेक गोड्या पाण्यातले मासे पावसाळ्याच्या तोंडाशी अंडी घालतात. पहिल्या जोरदार सरीबरोबर ते प्रवाहाच्या उलट्या दिशेने चढतात, ओहोळांतून भातखाचरांत शिरतात. याला ठाणे-पालघरपासून इकडे वळगण म्हणतात. पाणी ओसरताना मोठे मासे आणि त्यांची नवी पिढी नदीत परतते. आश्विनात नदीत खाणारी तोंडे जास्त, पाणी स्वच्छ आणि ऊब पुरेशी असते. म्हणजे मासा भुकेला आणि हुशारीत असतो. थंडी वाढली की रोहू-कटल्याची भूक मंदावते. तेव्हा गळ टाकायचा तर याच दोन-अडीच महिन्यांत, हे तत्त्व बिनचूक आहे. त्यात एकच उणीव आहे. पाणी स्वच्छ असते तेव्हा गळवाल्याला मासा दिसतो, त्याच्या कितीतरी आधी माशाला गळवाला दिसतो.

या परिसरातले वारली आणि कोकणा शेतकरी शरदात गळ घेऊन बसलेले फारसे आढळत नाहीत. त्यांनी आपला मासा वळगणीच्या वेळी, गुडघाभर पाण्यात, पागेर जाळे टाकून किंवा बांबूचे सापळे लावून केव्हाच धरलेला असतो. आश्विनात त्यांना भातकापणी असते. मासा असतो तेव्हा मासे धरायचे ही त्यांची पद्धत. टोकरखाड्याची पद्धत निराळी आहे : रजा असते तेव्हा मासे धरायचे.

रजेचा प्रश्न दिसतो त्याहून बिकट आहे, कारण शरदात नदी मोकळी झाली तरी पंचांग मोकळे होत नाही. गणपती उठतात तोच पितृपक्ष लागतो. काही घरांत पितृपक्षात सामिष चालते, काही घरांत चालत नाही, आणि बऱ्याच घरांत कोणत्या आजोबांना काय चालत असे यावर एकमत होत नाही. मग नवरात्र. सिल्वासात नवरात्र म्हणजे गरबा, आणि गरबा मध्यरात्रीपर्यंत. मासा गळाला तोंड लावतो ती वेळ उजाडण्याची, आणि उजाडताना अवघे टोकरखाडा झोपलेले असते. कोजागरीला दूध आटवायचे असते. दिवाळीत पाहुणे येतात. दिवाळी संपली म्हणून काठी उचलावी तर सहाव्या दिवशी छठ. बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातून इथल्या कारखान्यांत आलेली कुटुंबे त्या दिवशी मावळतीला आणि दुसऱ्या दिवशी उगवतीला दमणगंगेत कमरेइतक्या पाण्यात उभी राहतात, म्हणजे नेमक्या त्या दोन वेळा, ज्या गळाच्या जाणकारांनी उत्तम म्हणून सांगितल्या आहेत. त्या गर्दीतून मासा दूर जातो. गळवाला मात्र प्रसादाचा ठेकुआ घेऊन परततो, आणि हंगामातली त्याची ही सर्वांत फलदायी फेरी असू शकते. उरलेल्या दिवसांतून सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी आणि एकादशी वजा केल्यावर जे शिल्लक राहते, त्यात नेमका मुलांचा पालक-मेळावा येतो.

आता मासे. मोठ्या पाण्यात कटला, रोहू आणि मृगळ हे तिघे प्रमुख. निसर्गाने त्यांची मजल्यांप्रमाणे वाटणी केली आहे : कटल्याचे तोंड वरच्या बाजूला वळलेले, तो वरच्या थरात चरतो; रोहू मधल्या थरात; मृगळाचे तोंड खाली, तो तळाशी. गळ कोणत्या खोलीवर सोडायचा हे यावरून ठरवता येते. व्यवहारात गळ दोन मजल्यांच्या मधल्या जिन्यावर लोंबकळत राहतो. शिवडा आणि शिंगाळा हे मिशावाले, रात्री खाणारे. त्यांच्याविषयी दिवसा बसणाऱ्यांना बरीच माहिती असते.

मरळ हा या सर्वांत मानी मासा. तो पिल्लांच्या थव्याची राखण करतो, दबा धरून शिकार करतो आणि पाण्याबाहेरची हवाही श्वासाला घेऊ शकतो, त्यामुळे पाण्याबाहेर बराच वेळ तग धरतो. या शेवटच्या गुणाची दखल पाठ्यपुस्तकांपेक्षा स्कूटरवाल्यांनी जास्त घेतली आहे. ओल्या गोणपाटात गुंडाळून डिकीत ठेवलेली मरळ राखोलीपासून टोकरखाड्यापर्यंतचा प्रवास सहज झेपवते, मोरीत ठेवल्यावर एकदम उसळी मारते, आणि पुढचा काही वेळ घरातील सर्व मंडळी पलंगावर उभी असतात.

चिलापीचा उल्लेख टाळता येत नाही, कारण चिलापीच टळत नाही. हा मूळचा आफ्रिकेतला मासा १९५२ साली भारतात आणला गेला आणि त्याने आल्या पाण्यात संसार थाटला. मादी अंडी तोंडात धरून उबवते, पिल्ले बाहेर पडली तरी धोका दिसताच ती पुन्हा आईच्या तोंडात शिरतात. एवढी काळजी घेतल्यावर लोकसंख्या वाढायचीच. रोहूसाठी लावलेले आमिष बहुधा चिलापीच खाते. गळ सोडून बाकीचे सगळे खाते.

अमेरिकेतले लोक शरदात नद्यांवर बास नावाच्या माशामागे जातात. त्या नावाला शोभेल असा इकडचा मासा एकच, जिताडा. कुठे त्याला खजुरा म्हणतात, बंगालात भेटकी आणि ऑस्ट्रेलियात बारामुंडी. पेण-अलिबागकडे त्याचा मान एवढा की अडलेल्या कामाच्या संदर्भातही त्याचे नाव निघते. जिताडा खाडीच्या मुखाशी जन्मतो, लहानपणी गोड्या पाण्याकडे सरकतो आणि अंडी घालायला पुन्हा खाऱ्या पाण्याकडे जातो. आयुष्याची पहिली काही वर्षे तो नर असतो, पुढे मादी होतो. म्हणजे गळवाला ज्या अजस्र जिताड्याशी झुंजल्याचे सांगतो, ती बहुधा एक वयस्कर बाई असते. दमणच्या खाडीत जिताडा असताना तो सिल्वासापर्यंत का चढणार नाही, हा टोकरखाड्यातला जुना वाद आहे. त्याचे उत्तर नकाशावर आहे. दमणहून सिल्वासाला यायचे तर वाटेत वापी लागते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातल्या औद्योगिक पट्ट्यांचे प्रदूषणानुसार गुणांकन केले, त्यात अंकलेश्वरच्या पाठोपाठ वापी दुसरी आली होती. जिताडा नर असो वा मादी, एवढी समज त्याला असावी. तरीही दरवर्षी कोणी तरी जिताड्यासाठी म्हणून वेगळा, जाड गळ बांधून नेतोच.

साधनसामग्रीत काठी, रीळ, तंगूस, शिसे, तरंगती काडी आणि गळ एवढे येते. पूर्वी बांबूची काठी आणि मोरपिसाचा दांडा पुरत असे. आता एकात एक सरकणारी काठी मिळते. ती उघडताना ऐटीत उघडते आणि मिटताना तिसऱ्या जोडात अडकते. गळांचे आकार क्रमांकांनी सांगतात, आणि क्रमांक जितका मोठा तितका गळ लहान. त्यामुळे मोठ्या माशाच्या आशेने मोठा क्रमांक मागणारा माणूस मुडदुशीला साजेसा गळ घेऊन घरी येतो. दुकानदार ही चूक सुधारत नाही, कारण तो माणूस पुढच्या आठवड्यात पुन्हा यायचा असतो.

खर्च आणि उत्पन्न यांचा मेळ इथे बघू नये. या प्रदेशाला तशी सवय नाही. १७७२ साली मराठ्यांच्या आरमाराने पोर्तुगिजांचे सांताना नावाचे जहाज धरले. भरपाई म्हणून १७७९ च्या तहात वार्षिक बारा हजार रुपये उत्पन्नाची गावे देण्याचे ठरले, १७८३ मध्ये नगर हवेली, म्हणजे सिल्वासाचाच हा मुलूख, पोर्तुगिजांकडे गेली आणि १९५४ पर्यंत त्यांच्याकडे राहिली. एका जहाजापायी नदीकाठची गावेच्या गावे पावणेदोनशे वर्षे गेली. दोन हजारांच्या काठीने पावशेराची चिलापी काढणारा माणूस या हिशेबाच्या मानाने काटकसरीच म्हटला पाहिजे.

आमिष हा या विद्येचा गाभा. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातला राजा सोमेश्वर तिसरा याने रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात मत्स्यविनोद नावाचे प्रकरण आहे. माशांच्या जाती, त्यांच्या राहण्याच्या जागा, कोणाला काय चारायचे आणि गळ कसा टाकायचा, हे सगळे त्यात आले आहे. इंग्रजांचा या विषयावरचा लाडका ग्रंथ, आयझॅक वॉल्टनचा ‘द कम्प्लीट अँग्लर’, १६५३ सालचा. म्हणजे दख्खनच्या राजाने पाचशे वर्षे आधीच ही बाब हातावेगळी केली होती. राज्य, युद्ध, हत्ती आणि पाकशास्त्र सांभाळून त्याने माशांच्या खाण्यापिण्याची चौकशी केली, यावरून त्या काळीही रजेची सोय बरी असावी.

टोकरखाड्यात आमिषाची मूळ प्रत एकच आहे, कणीक. बाकी सगळे पाठभेद. त्यात कोणी हिंग घालतो, कोणी बडीशेप कुटून घालतो, कोणी व्हॅनिला इसेन्सचे थेंब. शेंगदाण्याची पेंड भाजून, गुळात मळून पाण्यात फेकली जाते, म्हणजे मासे जमतात. ते जमतात, पेंड खातात आणि पोट भरल्यावर पांगतात. बंगाली गळवाले लाल मुंग्यांच्या अंड्यांवर भिस्त ठेवतात, आणि त्यांना मासा लागतो. यावर मराठी गळवाल्यांचे म्हणणे असे की तो त्यांच्या बसण्याच्या जागेचा गुण आहे. मिश्रणाचे प्रमाण कोणी कोणाला सांगत नाही. स्वयंपाकघराला मात्र ते कळते, कारण हिंगाची डबी तळाला गेलेली असते आणि गव्हाचे पीठ घरात कोणी पोळी न खाता संपलेले असते.

प्रत्यक्ष कार्य पुढीलप्रमाणे चालते. काठावर सावली बघून बैठक मारली जाते. सावली सरकते, बैठक सरकत नाही. कणकेची सुपारीएवढी गोळी गळावर बसवून, टोक झाकले का ते अंगठ्याने चाचपून, दोरी डोहात सोडली जाते. काडी आडवी पडते, मग शिशाच्या ओढीने उभी राहते. यानंतर बराच काळ काहीही घडत नाही, आणि या काळालाच छंद म्हणतात. मग काडी एकदा किंचित बुडते. गळवाला श्वास रोखतो. काडी वर येते, स्वतःभोवती अर्धी फिरते, पुन्हा दोन बोटे खाली जाते आणि तिथेच थरथरत राहते. याच क्षणी पाठीमागून कोणी तरी विचारतो, “काय गावलं का?” झटका एक निमिष उशिरा बसतो. दोरी सळसळत बाहेर येते, आणि टोकाला गळ लखलखतो. कणकेचा कणही नसतो, घासून ठेवावा इतका तो स्वच्छ असतो.

विचारणारा माणूस बदलतो, भाषा बदलते, वेळ बदलत नाही. “कंई मळ्युं?” “कुछ मिला?” सिल्वासात एकाच सकाळी हा प्रश्न तीन-चार भाषांत येतो आणि प्रत्येक भाषेत काडी बुडत असतानाच येतो. काही बघे नुसते विचारून थांबत नाहीत. पलीकडच्या खडकाकडे बोट दाखवून मासा तिकडे असल्याचे सांगतात. तिकडे बसलेल्याला कोणी तरी इकडे बोट दाखवत असतो.

माशाच्या बाजूने पाहिले तर चित्र आणखी उघडे आहे. प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे पाण्याखालून वरचे सगळे जग सुमारे ९७ अंशांच्या एका गोल खिडकीत गोळा झालेले दिसते. काठावरचा माणूस, त्याची टोपी, डबा, उलटे ठेवलेले स्कूटरचे हेल्मेट आणि मागचा बघा हे सगळे त्या खिडकीच्या कडेला दाटीवाटीने बसतात. शिवाय माशाच्या अंगावरच्या पार्श्वरेषेला पाण्यातली बारीकशी कंपनेही कळतात. माशाला पापण्या नाहीत, त्यामुळे हा कार्यक्रम त्याला डोळे मिटून टाळताही येत नाही. तो बघत राहतो.

यानंतर कारणांचा टप्पा येतो. कारणांच्या ढोबळ तीन जाती आहेत. हवामानाची : आज वारा पूर्वेचा होता, काल पौर्णिमा होती, पाणी फार निवळले आहे, पाणी पुरेसे निवळलेले नाही. प्रशासनाची : धरणातून पाणी सोडले, धरणातून पाणी सोडले नाही. आणि मनुष्यसुलभ : शेजाऱ्याची सावली, शेजाऱ्याचा मोबाईल, शेजाऱ्याला लागलेला मासा. अनुभवी माणूस कारण घरी निघण्यापूर्वी ठरवतो, त्याहून अनुभवी माणूस ते आदल्या रात्री ठरवतो आणि काठी घेऊन निघताना जाता जाता सूचकपणे बोलून ठेवतो, “आज आभाळ आलंय म्हणा.”

क्वचित मासा लागतोही, आणि तो सुटतो. सुटलेल्या माशाची वाढ कोणत्याही मत्स्यबीज केंद्राला हेवा वाटावा अशी असते. राखोलीला तो वीतभर असतो, टोकरखाड्याच्या चौकात मुठीपासून कोपरापर्यंत, आणि रात्री जेवताना दोन्ही हात लागतात. इथे वजनकाटा नाही हे बरे आहे. अमेरिकेत तशी सोय नव्हती : जॉर्जिया राज्यात १९३२ साली जॉर्ज पेरी नावाच्या शेतकऱ्याने १०.०९ किलोचा बास धरला, तो रीतसर तोलला गेला आणि त्याचा जागतिक विक्रम झाला. २००९ साली जपानच्या बिवा सरोवरात दुसऱ्या एका माणसाने त्याची बरोबरी केली, एवढेच. पेरीने तो मासा भुसा भरून भिंतीवर लावला नाही. घरी नेला आणि घरच्यांनी खाल्ला. गळवाल्यांच्या इतिहासात व्यवहारी माणूस सापडतो तो असा, कुठे तरी एखादा.

रिकाम्या हाताने परतण्याचा रस्ता मासळी बाजारावरून जातो. तिथे दमणहून आलेले बोंबील असतात, पण दमणगंगेवर गेलेल्या माणसाने बोंबील नेणे हे कच्चे काम झाले, आणि कच्चे काम केलेले लोक टोकरखाड्यात अजून ओळखून दाखवले जातात. जाणता माणूस रोहूसमोर उभा राहतो. हा रोहू अनेकदा आंध्रच्या तळ्यांतून बर्फात बसून आलेला असतो. मासळीवाली खांद्यावरची काठी बघते आणि भाव करत नाही.

“काका, बर्फ धुऊन देते. पिशवीत पाणी नको दिसायला.”

“हं.”

“तोंडाला गळाची खूण करून देऊ?”

खुणेचे वेगळे पैसे पडत नाहीत. घरी पिशवी ओट्यावर ठेवली जाते आणि नदीचे सविस्तर वर्णन सुरू होते : पाण्याचा रंग, काडीचे बुडणे, काठीचे वाकणे. ऐकणारी व्यक्ती रोहूचा कल्ला अंगठ्याने उचलते. ताज्या माशाचा कल्ला लालभडक असतो. हा फिकट, तपकिरीकडे झुकलेला. ती काही बोलत नाही, विळी पुढे ओढते, खवले काढायला घेते आणि सहज विचारते, “किती रुपये किलो लागला?”

रोहूची आमटी चिंच किंवा कोकम घालून होते, आणि ती उत्तम होते. मासा कुठला यावर तिची चव अवलंबून नसते. तुकडीतले बारीक काटे काढत जेवताना माणसाला फार बोलता येत नाही, त्यामुळे त्या जेवणात माशाची लांबी वाढत नाही.

मार्गशीर्षाचे गुरुवार लागले आणि सकाळी पाण्यात हात घालवेनासा झाला की हंगाम आपोआप मिटतो. तंगूस गुंडाळताना तिची गाठ होते. ती सोडवण्याचे काम पुढच्या वर्षावर टाकले जाते. जाड गळ, जिताड्यासाठी बांधलेला, एका काडेपेटीत जातो. काठी माळ्यावर चढते, पण तिथे फार दिवस राहत नाही : संक्रांतीच्या सुमारास मुले तिने विजेच्या तारेवरचा पतंग काढू पाहतात आणि ओरडा खातात, पुढे शिमग्याच्या साफसफाईत तिच्या टोकाला फडके बांधून छताची जळमटे निघतात, आणि या कामात ती एकदाही रिकामी परत येत नाही. रिळाला कोणी हात लावायचा नाही, असा घरात दंडक असतो. कणकेची उरलेली गोळी फ्रीजमध्ये लोण्याच्या भांड्यामागे राहते आणि दार उघडले की उन्हाळा लागेपर्यंत हिंगाचा व व्हॅनिलाचा वास देते.